वॅट वाढवण्याआधी

जुलैच्या मध्यावर आंबोली घाटात ढग रस्त्यावरच उतरलेला असतो. सावंतवाडीहून बेळगावकडे चढताना खालच्या वळणांवर नुसता पाऊस लागतो. वर धबधब्याच्या आसपास पोचलं की बॉनेटपुढचे दहा-पंधरा मीटर सोडले तर काही दिसत नाही. ताम्हिणी, वरंध, आंबा, माळशेज, कुंभार्ली, सगळीकडे पावसाळ्यात हेच. या घाटांतून रात्री-अपरात्री गाडी काढणाऱ्याच्या मनात कधी ना कधी येतंच, की फॉग लॅम्पमधले ५५ वॅटचे बल्ब काढून शंभरचे टाकावेत. ऑटो इलेक्ट्रिकच्या दुकानात मग साधारण असं बोलणं होतं.

"भाऊ, फॉगमध्ये शंभरचे बसतील का?"

"बसतील की साहेब. वायरिंग आहे तेच ठेवू, फक्त फ्यूज मोठा टाकतो."

बल्ब बसतो, हे खरं. पण जुनी वायर आणि मोठा फ्यूज या जोडीत गाडी पेटायला लागणारं सगळं साहित्य जमा झालेलं असतं. आणि एवढा धोका पत्करून धुक्यात किती जास्त दिसतं, हा हिशोब फारसा कुणी करत नाही. तो आधी करू.

धुकं म्हणजे हवेत तरंगणारे पाण्याचे थेंब. त्यांचा व्यास साधारण ५ ते २० मायक्रॉन, म्हणजे प्रकाशाच्या तरंगलांबीच्या कितीतरी पट. दिव्यातून निघालेला प्रकाश या थेंबांवर आपटून सर्व बाजूंना विखुरतो. त्यातला काही भाग उलटा आपल्या डोळ्यांकडे येतो आणि समोर पांढरा पडदा तयार होतो. या पडद्यामागचा मैलाचा दगड किंवा बंद पडलेला ट्रक दिसायचा असेल, तर त्याच्यावरून परत येणारा प्रकाश पडद्याच्या उजेडापेक्षा वेगळा उठून दिसला पाहिजे. म्हणजे इथे महत्त्व नुसत्या उजेडाला नाही. वस्तू आणि पडदा यांच्या उजेडातल्या तफावतीला आहे.

आता बल्बचे वॅट दुप्पट केले असं समजा. दगडावर पडणारा प्रकाश दुप्पट झाला. पण पडदाही तेवढाच उजळ झाला. दोन्ही एकाच पटीत वाढले, तफावतीचं प्रमाण होतं तिथेच राहिलं. धुक्यात हाय बीम लावल्यावर आधी दिसत होतं तेही दिसेनासं होतं, ते याच पडद्यामुळे: डोळ्यांच्या रेषेतलं धुकं जास्त उजळतं.

पडद्याचा विचार क्षणभर बाजूला ठेवू आणि फक्त प्रकाश किती लांब पोचतो ते बघू. दृश्यमानता ५० मीटरच्या आसपास आहे, म्हणजे हवामान खात्याच्या भाषेत दाट आणि अतिदाट धुक्याच्या सीमेवर. अशा धुक्यात प्रकाश जाताना क्षीण होतो आणि वस्तूवरून परत येतानाही क्षीण होतो. ही घट घातांकी असते, त्यामुळे दिव्याची ताकद दुप्पट केली तरी दिसण्याचं अंतर वाढतं ते फार तर पाच-सहा मीटरने. अंतराबरोबर प्रकाश पसरत जातो, ते धरलं तर त्याहूनही कमी. ताशी ४० किलोमीटर वेगाने गाडी सेकंदाला ११ मीटर जाते. दुप्पट वॅटची सगळी कमाई अर्ध्या सेकंदाची. वेग ४० वरून ३० वर आणला तर याहून कितीतरी जास्त हाती लागतं, आणि त्यासाठी एक वायरही कापावी लागत नाही.

पिवळ्या प्रकाशाबद्दलही एक जुना समज आहे, की तो धुकं भेदून जातो. आकाश निळं दिसतं त्यामागची क्रिया प्रकाशाच्या तरंगलांबीपेक्षा खूप लहान कणांवर घडते. धुक्याचे थेंब त्या मानाने प्रचंड मोठे, त्यामुळे निळा काय आणि पिवळा काय, सगळे रंग जवळजवळ सारखेच विखुरतात. फ्रान्समध्ये १९३०च्या दशकाच्या अखेरीपासून १९९३पर्यंत मोटारींना पिवळे हेडलाइट होते, पण त्यांनाही धुक्याने वेगळी वाट करून दिली नाही. निळा भाग गाळल्यामुळे डोळ्यांना होणारा त्रास कमी वाटतो, हा पिवळ्याचा खरा फायदा, आणि तो लहान नाही. तास दीड तास घाट चढताना डोळे कमी शिणतात. मात्र काचेवर पिवळा थर दिला की काही प्रकाश त्या थरातच अडतो, हे धरून चालायचं.

मग फॉग लॅम्पने काय साधतं? त्याची सगळी करामत प्रकाशाच्या आकारात आहे. तो बंपरमध्ये खाली बसवलेला असतो, त्याचा झोत रुंद, आखूड आणि वरच्या बाजूला सरळ रेषेत कापलेला असतो. दिवा खाली आणि डोळे वर, त्यामुळे आपल्या नजरेच्या वाटेतलं धुकं कमी उजळतं आणि गाडीपुढचा रस्ता, कडेची पांढरी पट्टी, दरीच्या बाजूचा कठडा तेवढा उजळतो. ही वरची रेषा जपली गेली तरच फॉग लॅम्प कामाचा. चुकीच्या बल्बने ती फिसकटली, की शंभर वॅटचा दिवा पंचावन्नच्या दिव्यापेक्षा वाईट ठरतो.

जास्त उजेडाची गरज खोटी आहे, असं मात्र मी म्हणणार नाही. धो धो पावसात ओलं डांबर आरशासारखं वागतं, प्रकाश पुढच्या पुढे परावर्तित होतो, आपल्याकडे येत नाही आणि रस्ता काळा ठिक्कर दिसतो. तिथे जवळच्या पट्ट्यात जास्त प्रकाश ओतला तर खड्डे आणि कडा खरोखर दिसू लागतात. कोकणातल्या बिनपट्टीच्या गावरस्त्यांवर तर हा उजेड हवाच. प्रश्न एवढाच, की तो मिळवायचा कुठून.

पहिली जागा आहे गाडीतली सध्याची वायर. हॅलोजन बल्बच्या स्वभावातली एक गोष्ट इथे नीट समजून घेतली पाहिजे. त्याचा प्रकाश व्होल्टेजच्या सरळ प्रमाणात बदलत नाही. तो साधारण ३.४ व्या घाताने बदलतो. बल्बच्या पाकिटावर १२ व्होल्ट लिहिलेलं असलं तरी त्याचे ल्युमेन मोजतात ते १३.२ व्होल्टवर. इंजिन चालू असताना बॅटरीपाशी १४ च्या आसपास व्होल्ट असतात. पण बारीक वायर, जुना स्विच, गंजलेलं अर्थ यांतून वाट काढत बल्बपर्यंत पोचेपर्यंत त्यांतले १२ उरले, तर प्रकाश १३.२ व्होल्टच्या मानाने फक्त ७२ टक्के राहतो. पाव भागाहून जास्त उजेड वाटेतच गेला. तो परत मिळवला तर आहे त्याच ५५ वॅटच्या बल्बातून ३८ टक्के जास्त प्रकाश मिळतो. ५५ चा काढून ७० चा टाकला तरी जेमतेम एवढाच फरक पडला असता.

हे तपासायला साधा मल्टिमीटर पुरतो. इंजिन चालू ठेवायचं, फॉग लॅम्प लावायचे. मीटरची लाल पिन बॅटरीच्या पॉझिटिव्हवर आणि काळी पिन बल्बच्या कनेक्टरमधल्या पॉझिटिव्ह तारेवर मागून टेकवायची. मीटरवर दिसेल ती पॉझिटिव्ह वाटेतली घट. मग एक पिन बॅटरीच्या निगेटिव्हवर, दुसरी बल्बच्या निगेटिव्ह तारेवर; ही अर्थची घट. प्रत्येक बाजूला पाव ते अर्ध्या व्होल्टच्या आत असेल तर वायरिंग निरोगी आहे. समुद्रकाठच्या गाड्यांत, म्हणजे रत्नागिरी, मालवण, पणजीकडच्या, घोटाळा बहुतेकदा अर्थच्या बाजूला सापडतो. बॉडीला अर्थ जिथे आवळलेलं असतं, त्या बोल्टखाली गंजाचा तांबूस भुगा जमलेला असतो. बोल्ट काढून पत्रा चकचकीत होईपर्यंत पॉलिश पेपरने घासायचा, पुन्हा घट्ट आवळायचा आणि वरून ग्रीस लावायचं. एवढ्याने कधी कधी नवा बल्ब घातल्याइतका फरक दिसतो. लेन्स पिवळट झाली असेल किंवा आत पाण्याची वाफ धरत असेल, तर तेही याच फेरीत बघून घ्यावं.

एवढं करूनही उजेड कमी वाटला तर बल्बाकडे वळायचं, आणि वळताना वॅटच्या आधी बल्बचा प्रकार बघायचा. फॉग लॅम्पमध्ये आपल्याकडे एच ३, एच ८, एच ११, एच १६ असे बल्ब भेटतात. एच ८ चा बल्ब ३५ वॅट आणि ८०० ल्युमेनचा. एच ११ चा ५५ वॅट आणि १३५० ल्युमेनचा. एच १६ फक्त १९ वॅटचा, ५०० ल्युमेनचा. याच घराण्यातला एच ९ मात्र ६५ वॅटमध्ये २१०० ल्युमेन देतो. एच ११ हून दहाच वॅट जास्त आणि प्रकाश दीडपटीहून अधिक, कारण त्याची फिलामेंट जास्त तापून जळेल अशीच बनवलेली असते आणि त्याची किंमत आयुष्यात वसूल होते. वॅट म्हणजे बल्ब किती वीज खातो. किती उजेड देतो ते ल्युमेन सांगतात. दुकानात आकडा विचारायचा तर ल्युमेनचा विचारा.

एच ८, एच ९, एच ११ आणि एच १६ या चारही बल्बांची बैठक दिसायला सारखी. फरक असतो तो कडेच्या छोट्या खाचांत आणि दातांत, आणि तो मुद्दाम ठेवलेला असतो, ३५ वॅटसाठी बनवलेल्या दिव्यात ५५ चा बल्ब जाऊ नये म्हणून. बाजारात कानसीने दात घासून एक बल्ब दुसऱ्याच्या जागी सहज बसवून देतात. एच ११ च्या जागी एच ९ बसवला तर आणखी एक गोष्ट हातची जाते. एच ११ च्या काचेच्या टोकाला काळा थर असतो, तो फिलामेंटचा थेट समोर जाणारा प्रकाश अडवतो. एच ९ चं टोक उघडं असतं. ज्या लॅम्पमध्ये हे काम बल्बच्या काळ्या टोपीवर सोपवलेलं आहे, तिथे समोरच्याच्या डोळ्यांत झोत जातो आणि धुक्यात पांढरा पडदा आणखी दाट होतो.

पाकिटावर ‘१०० टक्के जास्त’, ‘१३० टक्के जास्त’ असं छापलेले बल्बही मिळतात. चांगल्या कंपन्यांचे हे बल्ब ५५ वॅटचेच असतात. त्यांत फिलामेंट आखूड आणि घट्ट वळलेली असते, ती रिफ्लेक्टरच्या केंद्राशी अचूक बसवलेली असते, आत भरलेल्या वायूत झेनॉनचा वाटा असतो. जास्तीचे टक्के झोतातल्या ठरावीक जागी मोजलेले असतात, सगळ्या प्रकाशाचे नव्हेत, आणि आयुष्य कमी असतं. तरीही माझ्या मते बहुतेकांनी इथेच थांबावं: वायरला जादा भार नाही, लेन्सला जादा उष्णता नाही, नियमाचा भंग नाही. निळसर काचेचे ‘सुपर व्हाइट’ बल्ब मात्र फॉग लॅम्पमध्ये घालू नयेत. निळा थर प्रकाश गाळतो आणि उरलेला डोळ्यांना जास्त टोचतो.

शंभर वॅटचं खरं दुखणं उष्णतेचं आहे. हॅलोजन दिवा गरम राहावा लागतो, ती त्याच्या रचनेतली गरज आहे. टंगस्टनच्या फिलामेंटवरून उडालेले अणू काचेवर काळे न साचता आयोडीन किंवा ब्रोमीनच्या मदतीने फिलामेंटकडे परततात, आणि हे चक्र चालू राहायला बल्बची काच अडीचशे अंशांच्या वर असावी लागते. म्हणून ती क्वार्ट्झची किंवा तशाच कणखर काचेची करतात. बल्बने घेतलेल्या विजेतला बहुतांश भाग उष्णता होऊनच बाहेर पडतो. आजच्या बहुतेक फॉग लॅम्पची लेन्स पॉलिकार्बोनेटची आणि रिफ्लेक्टर प्लॅस्टिकवर चकाकीचा थर दिलेला असतो. पॉलिकार्बोनेट दीडशे अंशांच्या आसपास मऊ पडतं. ३५ किंवा ५५ वॅटचा हिशोब करून बांधलेल्या त्या मुठीएवढ्या बंद डबीत शंभर वॅट ओतले, की आधी रिफ्लेक्टरची चकाकी बल्बच्या वरच्या बाजूला दुधाळ होते, मग लेन्सच्या मधोमध तपकिरी डाग उमटतो, आणि एक दिवस ती फुगलेली दिसते. काचेची लेन्स वितळत नाही, पण पावसाळ्यात बंपरच्या उंचीवर डबक्याचं थंड पाणी सपकन उडतं तेव्हा तापलेली काच तडकते.

त्याच्याही आधी जातो तो कनेक्टर. जास्त वॅटचे बल्ब वर्षभर चाललेल्या गाडीचा होल्डर हातात घेऊन बघावा. प्लॅस्टिक कडेने चॉकलेटी झालेलं, आतली पितळी पट्टी निळसर पडून सैल झालेली, आणि तारेवरचं आवरण शेवटच्या बोटभर लांबीत इतकं कडक, की वाकवलं तर कडकन मोडतं. हिशोब सोपा आहे. संपर्काच्या जागी ०.०५ ओहम एवढाच रोध साचला, तर ५५ वॅटच्या ४.६ अँपिअर प्रवाहाने तिथे एक वॅट उष्णता तयार होते. शंभर वॅटच्या ८.३ अँपिअरने साडेतीन वॅट. तांदळाच्या दाण्याएवढ्या जागेत ही उष्णता रोज तास-तासभर कोंडत राहते. ताप वाढला की पट्टी सैल होते, सैल झाली की रोध वाढतो, आणि रोध वाढला की ताप.

वायरचंही तेच. दोन्ही दिव्यांच्या सामाईक वाटेत एकूण ०.१५ ओहम रोध धरा. ५५ च्या जोडीला त्या वाटेत सुमारे १.४ व्होल्ट पडतात आणि वायरीत १३ वॅट उष्णता होते. शंभरच्या जोडीला अडीच व्होल्ट पडतात आणि उष्णता ४२ वॅटवर जाते, कारण ती प्रवाहाच्या वर्गाने वाढते. बल्बपर्यंत साडेअकरा व्होल्ट पोचले तर शंभरच्या बल्बचा जवळजवळ ४० टक्के प्रकाश गेला. पैसे नव्या बल्बचे दिले, तापवली मात्र डॅशबोर्डमागची वायर.

फ्यूज हा या वायरीचा राखणदार आहे, बल्बचा नव्हे. लाल १० अँपिअरचा, निळा १५ चा, पिवळा २० चा, हिरवा ३० चा. निळा फ्यूज उडतो म्हणून त्या जागी हिरवा घातला किंवा, घाटात वेळ मारून न्यायला करतात तशी तांब्याची तार गुंडाळली, की आता फ्यूजच्या जागी वायर जळणार.

तेव्हा जास्त वॅटचा बल्ब घालायचाच असेल, तर त्याला बॅटरीपासून स्वतंत्र वाट द्यावी लागते, आणि फॉग लॅम्प स्वतः त्या वॅटसाठी बनवलेला असावा लागतो: काचेची लेन्स, धातूचा रिफ्लेक्टर, आणि बॉडीवर छापलेली वॅटची मर्यादा. बंपरमध्ये कंपनीकडून बसून आलेल्या प्लॅस्टिकच्या लॅम्पमध्ये शंभरचा बल्ब कोणत्याही वायरिंगने सुरक्षित होत नाही. बाहेरून बसवायच्या लॅम्पसाठी बॅटरीच्या पॉझिटिव्हवरून निदान २.५ चौरस मिलिमीटरची तांब्याची वायर घ्यायची आणि बॅटरीपासून वीतभर अंतरातच फ्यूज होल्डर लावायचा, कारण फ्यूजच्या अलीकडची वायर कुणाच्याच राखणीत नसते. प्रत्येक दिव्याला वेगळा १५ अँपिअरचा फ्यूज दिला तर एक उडाल्यावर दुसरा चालू राहतो. घाटात ही सोय अमोल आहे. मग रिले. त्याच्या ३० क्रमांकाच्या पिनला बॅटरीकडची वायर, ८७ मधून दिव्यांकडे, आणि ८५-८६ या कॉइलच्या दोन पिना: एक अर्थला, दुसरी मूळ फॉग स्विचच्या तारेला. कॉइल अँपिअरचा पाचवा हिस्साही क्वचितच घेते, त्यामुळे स्विचवरचा भार जवळजवळ संपतो. स्विचला त्याची मोठी गरज असते, कारण थंड फिलामेंट पेटताना क्षणभर नेहमीच्या दहापट प्रवाह ओढते. दिव्यांचं निगेटिव्हही तितक्याच जाड वायरने घासलेल्या पत्र्यावर किंवा थेट बॅटरीवर न्यावं. अर्थ बारीक ठेवलं तर बाकीची मेहनत फुकट जाते.

नव्या गाड्यांत आणखी एक खबरदारी आहे. फॉग लॅम्पचा पुरवठा तिथे अनेकदा थेट बॉडी कंट्रोल मॉड्यूलमधून होतो. ते प्रवाह मोजत असतं. जास्त वॅटचा बल्ब दिसला की ते दिवा बंद करतं, किंवा त्याचा तो भागच जळतो. असं मॉड्यूल बदलायचा खर्च बल्बच्या जोडीच्या कितीतरी पट, आणि वॉरंटी हात वर करते.

कायद्याचा भाग थोडक्यात. रस्त्यावरच्या गाडीतला बल्ब मंजूर प्रकारचा हवा. आपल्याकडे त्यासाठी एआयएस-०३४ हे मानक आहे, आणि युरोपीय मंजुरीचा बल्ब गोलातल्या ‘ई’ अक्षरावरून ओळखू येतो. एच ३ किंवा एच ११ च्या १२ व्होल्टच्या मंजूर बल्बची मर्यादा ५५ वॅट. शंभरच्या बल्बवर ही खूण नसते, आणि पाकिटावर बारीक अक्षरांत लिहिलेलं असतं, की तो सार्वजनिक रस्त्यासाठी नाही. रॅली आणि रानवाटांसाठी बनवलेली ती वस्तू आहे. विम्याचा दावा करताना बदललेलं वायरिंग निघालं, तर प्रश्न विचारले जाणार हेही लक्षात असू द्या. हॅलोजनच्या होल्डरमध्ये खुपसायचे एलईडी बल्ब हा त्यावरचा उपाय नाही, कारण त्यांची चिप फिलामेंटच्या नेमक्या जागी नसते आणि झोत फिसकटतो. अख्खा एलईडी फॉग लॅम्प, लेन्सपासून त्याच्यासाठीच घडवलेला आणि मंजूर, ही वेगळी आणि चांगली चीज आहे. जास्त उजेड कमी विजेत हवा असेल तर पैसे तिथे घालावेत.

बल्ब कोणताही असो, बसवताना काचेला बोट लावायचं नाही. कातडीवरचं तेल तापलेल्या क्वार्ट्झमध्ये मुरतं आणि तिथे काच पांढुरकी होऊन फुटते. कागदात धरून बसवा, चुकून लागलंच तर स्पिरिटने पुसा. मग सपाट जागी गाडी भिंतीपासून पाच मीटरवर उभी करून दिव्याच्या मध्याची उंची भिंतीवर खडूने आखा. झोताची वरची कड त्या रेषेच्या सात ते दहा सेंटिमीटर खाली पडली पाहिजे. वर पडत असेल तर स्क्रू फिरवून खाली आणा. शेवटी इंजिन चालू ठेवून दिवे अर्धा तास लावा, मग बंद करून लगेच कनेक्टर, रिले आणि फ्यूज होल्डर हाताने चाचपा. कोमट लागले तर ठीक. बोट टेकवून धरवत नसेल, किंवा तापलेल्या प्लॅस्टिकचा वास येत असेल, तर त्याच दिवशी जुने ५५ चे बल्ब परत घाला आणि गरम लागलेला सांधा शोधायला घ्या.